घासलेलं नाव

माझं नाव रेवणसिद्ध गुरप्पा, पण पेठेत रेवाप्पा म्हणल्याबिगर कुणी वळखत न्हाय. शुक्रवार पेठेत जन्मलो, तितंच म्हातारा झालो, मधी कुटं गेलो असंन तर लग्नाला अक्कलकोटला, तेबी दोन दिस. आमी लिंगायत, घरात कन्नड, दारात मराठी, अन गल्लीच्या तोंडाला गेलं की तेलुगूबी येतंय अन हिंदीबी येतंय, सगळं मोडकं तोडकं, पण गिऱ्हाईक कधी माघारी गेलं न्हाय. अप्पांचं, म्हंजे माझ्या वडलांचं, चांदीचं काम. गळ्यात लिंग घालतो ना आमी, ते ठिवायची चांदीची करडगी करायची, देवाचे टाक करायचे, अन लगीनसराईत भांड्यावर नाव घालायचं. तांब्या असू दे, वाटी असू दे, आमच्याकडं नावाबिगर भांडं घरातनं बाहीर पडत न्हाय, दुसऱ्याच्या घरला गेलं तर वळखायचं कसं. चमच्यावर सुदिक नाव घातलंय मी. हे ध्यानात ठिवा, कारण पुढं जे सांगणार हाय ते ऐकून तुमी म्हणाल ह्या माणसाला शरम कशी वाटली न्हाय.

तर टाक. देवघरात चांदीचा पत्रा असतो, त्यावर खंडोबा, भवानी, नायतर घरातला मेलेला कोण वीर, घोड्यावर बसलेला. पत्रा झिजला की सोनाराकडं आणायचा, तीच चांदी घ्यायची, परत टाक करायचा, ह्याला उजळून आणणं म्हणत्यात. दुसरी चांदी चालत न्हाय. लोक समोर बसून बघत्यात, आपलीच चांदी मुशीत पडली का न्हाय.

आता बिल्ल्याचं सांगतो. मी कानस धरायला शिकलो तवा खेड्यापाड्यातनं लोक जुने बिल्ले घिऊन यायचे, कुणाचा आजा लढाईला गेलेला, कुणाचा चुलता, त्येंला इंग्रज सरकारनं दिलेले. गोल, जाड, एका अंगाला राजाचं डोस्कं, अन दुसऱ्या अंगाला काय सांगू तुमाला, घोड्यावर बसलेला माणूस, अन घोड्याच्या पायाखाली मुंडकं. आता तुमीच सांगा, आमच्या माणसानं हे बघून काय म्हणायचं. घोडं हाय, पायाखाली दैत्य हाय, म्हंजे खंडोबाच की. फक्त त्या माणसाच्या अंगावर कापड नव्हतं, उघडा बंब. तर अप्पा काय करायचे, बिल्ला हलू नये म्हणून तापवलेल्या राळेत बसवायचे, अन बारीक खिळ्यानं त्येला धोतर नेसवायचे, डोसक्याला फेटा बांधायचे, मिशा काढायचे, झाला देव. फीत अडकवायची वरची कडी तोडायची. अन कड घासायची. का तर कडेवर इंग्रजी बारीक अक्षरं असायची, त्यात कुंकू बसतं, गंध बसतं, चिंच लावली तरी काळं राहतं. अप्पा म्हणायचे देवाच्या अंगावर विंग्रजी कशाला, घास ते. मी घासायचो. कड घासणं माझं काम, अन मला ते लई झ्याक जमायचं, बोट फिरवलं तर लोण्यावनी लागायची. कडी तोडल्याची जागा राहायची तितं मी तिरका एक, उलटा तिरका एक, असे दोन घाव घालायचो, काम आपलं हाय ही खूण म्हणून. असे किती घासले म्हणून इचारू नका, मला सांगता यायचं न्हाय अन सांगवायचं बी न्हाय.

अप्पा गेले, मी गादीवर बसलो, लगीन होऊन पोरं झाली, तवर असंच चाललेलं. मग एकदा एक रिटायर सुभेदार आले, बायकोच्या तांब्यावर नाव घालायला. मी हिकडं एका बिल्ल्याची कड घासत हुतो. ते बसल्या बसल्या बघत राहिले, अन एकदम माझं मनगट धरलं. म्हणले, अहो काय करताय, वाचलंत का ते. मी म्हणलं वाचायचं काय त्यात, कारखान्याची छाप हाय. ते म्हणले, कारखाना कसला, त्या माणसाचं नाव आहे ते, नंबर, हुद्दा, नाव, पलटण, ज्याला मिळाला त्याचं, ह्या एका शिपायाचं. अन भिंग काढून मला एकेक अक्षर दाखवलं, अर्धं माझ्या कानशीनं गेलेलं. त्यांच्या तांब्यावर नाव घालायचं हुतं ते मला त्या दिशी जमलं न्हाय, उद्या या म्हणलं.

तवापासनं कडेला कानस लावली न्हाय. सुभेदारसाहेब दर बिस्तरवारी यायचे अन मला शिकवायचे, आता ते न्हाईत, पण त्येंनी शिकवलेलं डोसक्यात हाय. घोड्याचा बिल्ला असला तर पयल्या मोठ्या लढाईचा, चौदा सालच्या, कडेवर नाव असणारच. सहा टोकांची पिवळी चांदणी असली तर दुसऱ्या लढाईची, तिच्यावर नाव बहुतेक नसतं, उगं शोधत बसू नका. राजा अन राणी दोगं एका अंगाला असले तर तो लढाईचा न्हवंच, दिल्लीच्या दरबाराचा, पाटलांना, अंमलदारांना वाटलेला, लोक त्येला पूर्वजांचं जोडपं म्हणून पुजत्यात. अक्कलकोटाकडची एक बाई त्रिकोणात डोळा असलेला बिल्ला घिऊन आली, खाली गवंड्याचा गुण्या अन परकार. तिच्या घरात तो देवीचा डोळा म्हणून तीन पिढ्या हळदीकुंकू खात बसलेला, तो निघाला साहेब लोकांच्या कसल्या गुप्त मंडळीचा. मी तिला सांगितलं, तर ती म्हणली, असू दे वो, आमच्या पोरांचे डोळे तर बरे झाले. आता तिला काय सांगायचं. असं करत करत माझं नाव झालं, अकलूज, वेळापूर, पार सांगोल्यापातुर, बिल्ला वळखायचा तर रेवाप्पाला दाखवा. मलाबी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. जुनं पाप फिटतंय असं वाटायचं.

अन मग ह्या उन्हाळ्यात पारूबाई आली.

सत्तरीची बाई, सून बरोबर, वेळापूरच्या अलीकडं त्येंचं गाव. एसटीनं आलेली, घामानं भिजलेली, पण बसायच्या आधी कमरेची पिशवी सोडली अन फडक्यातनं टाक काढला. सांगाय लागली, आमच्या गावात दगड बसवणार हायती, जे जे लढाईला गेले त्येंची नावं कोरणार. सरपंच म्हणाला ज्येच्याकडं कागद हाय त्येनं कागद आणा, न्हायतर बिल्ला आणा, सोलापूरच्या रेवाप्पानी कडेवरचं नाव वाचून लिवून दिलं की आमाला चालतंय. माझा आजा ज्ञानू बाळू, तिकडं इराकात बसऱ्याकडं लढाईला गेला तो आलाच न्हाय. माझा बाप तवा पोटात. सरकारनं हे पाठवलं, आजीला काय कळणार, तिनं पत्र्याच्या डब्यात ठिवलं. अन गावानं काय उठवलं, ज्ञानू कुटला मरतोय, पळून गेला, मुंबईत दुसरी बायको केली. आजी मरस्तवर टाकलेली म्हणून जगली वो, हळदीकुंकवाला कुणी बलवलं न्हाय, ना सवाष्ण ना विधवा. माझ्या बापालाबी पोरं टाकलेलीचा म्हणायची. मला भाऊ न्हाय, दिलंयबी गावातच, म्हणून देव माझ्याकडं आलं, आता त्या दगडावर नाव आलं की सगळ्यांची तोंडं बंद.

मी टाक हातात घेतला. घोडं झिजलेलं, फेटा निम्मा गेलेला, पण जाडीवरनंच वळखलं. बोट कडेवर फिरवलं. लोण्यावनी. भिंग लावलं, कडी तोडल्याची जागा बघितली, तिरका एक, उलटा तिरका एक.

पारूबाईचं चालूच हुतं. म्हणली, माझ्या लग्नाच्या साली आबानं, माझ्या बापानं, हे सोलापूरला आणलं, बापाला देवात बसवायचं म्हणून. मी संगं आलेली, बांगड्या घ्यायच्या हुत्या. हितंच कुटंतरी दुकान हुतं, एक म्हातारं हुतं अन एक तरणा गडी कड घासत बसलेला. पांढरी भुकटी फडक्यावर पडत हुती. मी त्येला इचारलं, दादा, ते बारीक बारीक काय लिवलंय. तो म्हणला काय न्हाय ताई, कारखान्याची छाप हाय. मग आता तुमी वाचा बरं, म्हणली, माझी नजर गेलीय, सुनेला इंग्रजी येतं पण तिला घावंना.

काय सांगू तुमाला. मी भिंग खाली ठिवलं. पोरीचं तोंड काय मला आठवत नव्हतं, किती गिऱ्हाईकं यायची, पण ते वाक्य माझंच. तसंच बोलायचो मी, मान वर न करता. तिनं इचारलं हुतं वो. कुणीतरी एकानं इचारलं हुतं, अन तवा मी नुसतं कुणाला तरी दाखवलं असतं, शेजारच्या मास्तरला दाखवलं असतं, तर नाव राहिलं असतं. मी म्हणलं, मावशी, मला आठ दिस द्या, नीट बघायला लागंल. खोटं बोललो. बघायला काय राहिलंच नव्हतं.

घरी गेलो अन ताट बाजूला सारलं. नीलव्वा, आमची मंडळी, म्हणली एन आयतु, काय झालं म्हणून. सांगितलं सगळं. ती भाकरी थापत हुती, हात तसाच थांबला.

आता माझ्या मनात काय आलं तेबी सांगतो, झाकून काय करायचं. माझ्याकडं इंग्रजी अक्षरांचे पोलादी ठसे हायती, बारीक, त्याच मापाचे. कडेवर कसं लिवत्यात ते माझ्याइतकं ह्या जिल्ह्यात कुणाला म्हायती न्हाय. नंबर कुटला का असंना, शिपाई, ज्ञानू बाळू, फुडं पलटण, अर्ध्या घटकेचं काम, वर जरा काळं चोळलं की शंभर वर्साचं दिसंल. अन वाचून सांगणार कोण, तर मीच. मी म्हणलं की झालं. ठसे काढले, पुसले, ओळीनं मांडले. नीलव्वानं बघितलं. म्हणली, जे तुमी दुसऱ्यांच्यात पकडता तेच करणार व्हय. अकलूजच्या त्या माणसाला दुकानातनं हाकललं हुतंत की तुमी, कडेवर खोटं नाव घालून आणलं म्हणून. मी ठसे परत डब्यात टाकले. पण खरं सांगू का, तिनं बघितलं नसतं तर मी केलं असतं.

आठ दिसांनी पारूबाई आली. मी तिला गादीवर बसवलं अन आपण खाली बसलो. म्हणलं, मावशी, तो तरणा गडी मीच. मीच घासलं. तितं तुमच्या आज्याचं नाव हुतं, नंबर हुता, कुटल्या पलटणीत हुता ते हुतं, अन मी ते घासून भुकटी केलं. तुमी इचारलं अन मी खोटं सांगितलं, म्हायती नसताना सांगितलं. सून एकदम उठून उभी राहिली. पारूबाईच्या तोंडावर राग येईल म्हणून मी वाट बघत हुतो, पण तिला पटतच नव्हतं. तुमी, म्हणली. मग माझ्या डोसक्याकडं बघून म्हणली, तुमीच व्हय ते, काळे कुळकुळीत केस हुते तुमाला.

मी इचारलं ह्याच्याबरोबर एक पिवळा बिल्ला असतो, त्याच्यावरबी नाव असतंय, तो हाय का. तर तो आबानं कवाच बोहारणीला दिलेला, एका वाटीवर. दिल्लीला लष्कराच्या दफ्तरात पत्र घालावं तर नंबर लागतो, नंबरबी त्याच कडेवर. सगळीकडनं दार बंद.

तर बाई म्हणते कशी, मग घाला की परत. तुमीच काढलंय, तुमीच घाला. तिच्या मनात कपट काय न्हाय वो, वाटीवरचं नाव पुसलं तर परत घालून आणत्यात तसं ती म्हणत हुती. मी तिला समजावलं, मावशी, मी घातलं तर ते माझं हुईल, सरकारचं न्हाय, ते खोटं नाणं हुईल. ती म्हणली आज्याचं नाव खोटं हाय का.

घातलं मी. पण इंग्रजीत न्हाय, आपल्या अक्षरात, टिंबाटिंबानं, भांड्यावर घालतो तसं, म्हंजे कुणी फसायला नको. ज्ञानू बाळू, बसऱ्यास गेले. अन कडेला जागा उरली तितं लिवलं, हे नाव रेवणसिद्धानं घासलं. दोन घाव हुते त्येच्या बरोबर शेजारी. अक्षरं काय नीट आली न्हाईत, अन मी जन्मात इतकं वाईट काम दिलं नव्हतं कुणाला.

त्येंच्या गावी गेलो. चावडीत पंचवीस-तीस माणसं असतील. सरपंच चांगला माणूस, खुर्ची दिली, चहा सांगितला, म्हणला रेवाप्पा, वाचा. मी उभं राहून सगळं सांगितलं, लोकांसमोर, काय घासलं, काय बोललो, काय घातलं. सांगताना वर बघवंना. कुणी हसलं न्हाय, ते बरं झालं. सरपंचानं टाक हातात घिऊन फिरवला, अन हळूच इचारलं, तुमी स्वतः ज्ञानू बाळू हे वाचलं हुतं का तवा. मी म्हणलं न्हाय, मला इंग्रजी येत नव्हतं. मग तितं कुणाचं नाव हुतं हे तुमाला म्हायती न्हाय. मी म्हणलं न्हाय. तो म्हणला, मग दगडावर कसं घालू वो, उद्या धा जण असलं घालून आणतील. अन त्येचं बरोबर हुतं. हेच मला कुणी दाखवलं असतं तर मीच म्हणलं असतं, हे चालत न्हाय. बाकीची बारा नावं बसली दगडावर, ज्ञानूचं न्हाय. मला वाटलं हुतं आपण खरं बोललो की काम हुईल. इतकं म्हातारपण आलं तरी एवढं कळलं नव्हतं, की घासलेलं ते घासलेलं, खरं बोलल्यानं परत उगवत न्हाय.

उठताना मागनं एक म्हातारं बोललं, ज्येच्या घरानं टाकलेली टाकलेली करून पारूबाईच्या आजीला जगू दिलं न्हाय त्या घरचं. एवढंच म्हणलं, बिल्ला हुता म्हंजे गेला असंल मग. पारूबाईनं वळून बघितलंबी न्हाय.

मी एसटीला निघालो तर ती म्हणली, जेवल्याबिगर जायचं न्हाय. मला तिच्या घरात पाय टाकवंना, पण गेलो. पत्र्याचं घर, एका कोपऱ्यात देव्हारा. सुनेनं टाक धुतला, पुसला, अन पारूबाई बोटानं कडेवर गंध लावाय लागली, गोल गोल फिरवून, एकेका अक्षराला. मी बघतोय, ज्ञानूला लागलं, बाळूला लागलं, बसऱ्याला लागलं, अन बोट थांबलंच न्हाय, माझ्या नावालाबी लागलं. मी ओरडलोच, मावशी, ते माझं हाय, ते माझं पाप लिवलंय, त्येला गंध लावू नका. ती म्हणली, म्हायती हाय मला, सुनेनं वाचून दाखवलंय.

आता तुमीच सांगा ह्याला काय म्हणायचं. मला शिव्या दिल्या असत्या, टाक अंगावर फेकला असता तर मला झोप लागली असती. रोज सकाळी त्या घरात माझ्या चुकीला गंध लागतंय, वर फूल ठिवत्यात. मी परवा परत गेलो हुतो, फकस्त तेवढ्यासाठी. पिशवीत कानस घिऊन गेलो. म्हणलं मावशी, पाया पडतो, दोन मिनटाचं काम हाय, माझं नाव तेवढं काढू द्या मला. तिनं टाक उचलून पदराखाली घेतला, अन म्हणली, न्हाय दादा, आता ह्याला कानस लावायची न्हाय.